तांबड्याचा नमुना

ता. ४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. सोबतच्या पिशवीत दोन किलो तांबडं भात आहे. ते तुमच्या जेवणासाठी नाही, हे वहिनीला आधी सांग. सरकार यंदापासून इथल्या शेतकऱ्यांचं भात हमीभावाने घेणार आहे, पण यादीतल्याच जातींचं. आपला तांबडा यादीत नाही. तुमच्या शहरातल्या बियाणे कार्यालयात नमुना तपासून नाव घालतात. मुदत पंधरा मे.

नाव लागलं नाही, तर खालच्या शेतात सरकारी बुटकं बियाणं पेरायची वेळ येईल. शेजारणीने गेल्या वर्षी पेरलं. पाणी छातीएवढं चढलं आणि पीक तळाशी बसलं. तांबडा पाण्याबरोबर उंच होतो. पण हे तुला काय सांगायचं, तू त्याच शेतात पोहायला शिकलास.

माया आहेच, काम तेवढं वेळेत कर.

तुझी,
धाकटी

ता. १२ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पिशवी पोचली. उघडून पाहिली आणि मान खाली गेली. दाण्यांवर टरफलं तशीच, मध्ये काड्या, शिवाय एक दिवंगत किडा. सरकारी कचेरीत जाताना माणूससुद्धा दाढी करतो. तुला कामाच्या गर्दीत सवड झाली नसेल, हे मी समजू शकतो.

तेव्हा सगळं भात गिरणीतून भरडून आणलं, तुझ्या वहिनीने ते पाखडलं, आणि रविवारी चष्मा लावून मी स्वतः निवडलं. वजन थोडं घटलं, पण रूप असं आलं की काय सांगू! कारकुनाने पावती दिली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. इतका नीटनेटका नमुना त्याच्या पाहण्यात आला नसावा.

आभार मानू नयेस. घरच्यांत ते शोभत नाही.

तुझा,
दादा

ता. २० एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. लिहायची आज इच्छा नाही, तरी लिहिते.

भात भरडलं की तांदूळ होतो. तांदूळ शिजतो, उगवत नाही. आणि नमुना उगवतो का, एवढंच ते लोक तपासतात. तू टरफलं काढलीस म्हणजे काय केलंस, ते तुला कुठल्या भाषेत सांगू? शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढ आणि तपासणीच्या आधी तो परत आण.

वहिनीला नमस्कार. तिने निदान पाखडण्याआधी मला विचारायला हवं होतं.

धाकटी

ता. २ मे

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, घेशील का, माहीत नाही.

मी गेलो तेव्हा निकाल लागला होता. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवले होते. उगवण शून्य टक्के. शेरा असा की, तांबडा ही जात मृत आहे. तीस वर्षं मी मुलांना बीजांकुरन्याय शिकवतो आहे, आणि अंकुर बीजाच्या नेमक्या कोणत्या भागातून फुटतो हे मला एका कारकुनाने बोट दाखवून शिकवलं.

अधिकारी बाईंना मी सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या की अहवाल चुकीचा असता तर बदलता आला असता, पण तो बरोबर आहे. मृत जात पुन्हा तपासता येत नाही. नव्या नावाची जात मात्र पंधरा तारखेपर्यंत घेतात. मी विचारलं, की बियाणं तेच आणि नाव नवं असेल तर? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की मास्तर, पंख्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

नाव मी सुचवतो: अरुणशाली. शाली म्हणजे भात. पेरणीच्या बियाण्यातले दोन किलो काढून दे म्हणताना लाज वाटते, पण दे. पिशवीची गाठसुद्धा मी सोडणार नाही. किडा असला तर तोही हजर करीन.

रागावलीस तरी पत्र तोडू नकोस.

तुझा,
दादा

ता. ३ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. खरेदी केंद्रावर आज आपलं भात घेतलं. यंदाही पाणी छातीएवढं आलं, आणि अरुणशाली त्याच्यावर हातभर उभी राहिली. तुला पाठवलेलं दोन किलो बियाणं कमी पडून कोपऱ्यातला एक पट्टा रिकामा राहिला, त्याबद्दल तुला आता काही म्हणत नाही.

केंद्रावरच्या साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. म्हणाले, की या बाईंनी जुनं निर्जीव वाण सोडून सुधारित जात घेतली, म्हणून शेत वाचलं. मी मान डोलावली. मग म्हणाले, की मृत जातीचं बियाणं कुणाकडे राहू नये असा नियम आहे, तेव्हा तसं लिहून द्या. मी लिहून दिलं, की आमच्या घरात तांबड्याचा एक दाणाही शिल्लक नाही. खाली सही केली.

खोटं लिहिलं असं वाटलं नाही, दादा. फक्त घरी आल्यावर बियाण्याच्या कणगीत हात घालायला जरा वेळ लागला.

आहेस तसाच राहा, पण गिरणीपासून लांब.

तुझी,
धाकटी