तीन लिंडनखालची तोटी

लिपोवा वोल्का,
९ ऑक्टोबर २०१७

प्रिय लुत्सियानदादा,

येशूची स्तुती असो. तिकडे ग्दान्स्कला तू बरा असशील आणि गोदीतल्या वाऱ्याने तुझा कान पुन्हा दुखला नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईच्या, सालोमेआ मावशीच्या, गुडघ्याची सूज उतरली. रविवारी ती काठीशिवाय चर्चला आली. बटाटे काढून झाले. मी अजून लाकडाच्या गिरणीतच आहे. तुझं धातू शोधायचं यंत्र माझ्या कपाटावर आहे, बॅटरी काढून, कापडात गुंडाळून.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला हसवतोस आणि सांगायचं ते राहून जातं.

आपला जहागिरीचा नकाशा तुला आठवत असेल. सतराशे अठ्ठ्याण्णवचा, खालची कड उंदरांनी खाल्लेली. त्यात गावातून जाणारा रस्ता, त्याच्या कडेला चर्चचा क्रूस, आणि क्रूसाच्या पूर्वेला जुन्या सराईचा छोटा चौकोन. मी तो पारदर्शक कागदावर गिरवला, आजच्या नकाशावर ठेवला, क्रूसावर क्रूस बसवला. रस्ता बरोबर जुळला. सराई आली पुलाजवळच्या कोबीच्या शेतात. तिथे मी दोन वर्षं यंत्र फिरवलं. निघालं काय, तर नालांचे खिळे, नांगराचा एक फाळ आणि माशांचे रिकामे डबे. जिथे एवढी वर्षं माणसं बसून बिअर प्यायली, तिथे कुणाच्या कोटाचं एक बटणही तुटून पडलं नाही? हे मला आतून खात होतं.

गेल्या महिन्यात गिरणीने मला चर्चचं छप्पर दुरुस्त करायला पाठवलं. वर माळ्यात तुळयांवर छिन्नीने कोरलेले आकडे दिसले. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंना तोच आकडा. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले आणि खाली येऊन घंटा वाजवणाऱ्या हिलारीकाकांना दाखवले.

"ते होय? उतरवताना घातलेत," ते म्हणाले. "परत जोडताना घोळ नको म्हणून."

"कुठून उतरवताना?"

"टेकडीवरून! तीन लिंडनच्या झाडांपासून. म्हाताऱ्या पाद्रीबुवांना चढ चढवेना. मग एका हिवाळ्यात अख्खं लाकडी चर्च सुटं केलं आणि घसरगाड्यांवर घालून बर्फावरून खाली आणलं. माझ्या पणज्याच्या बापाचे घोडे होते त्यात."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलंस कुणाला? तुम्ही पोरं कागदाला विचारता. दर वसंतात पिकांना आशीर्वाद द्यायची मिरवणूक त्या झाडांखाली थांबते, ती काय पाय मोकळे करायला?"

दादा, त्या मिरवणुकीत मी आठ वर्षं झेंडा धरलाय. तूही माझ्या शेजारी होतास. दरवर्षी तिथे थांबलो, टोपी काढली, पुढे निघालो. का थांबतो, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घरी येऊन मी कागद वर सरकवला. क्रूस तीन लिंडनवर ठेवला. रस्ता तिथेही जुळला. सरळ रस्ता कुठेही जुळतो, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. सराई आली झाडांच्या पूर्वेला, गवताच्या माळावर.

म्हणजे तू शोधत होतास तिथेच.

इथपर्यंत लिहून मी उठलो आणि चहा करून आलो. आता उरलेलं लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी तुला जो नकाशा गिरवून दिला, त्यावर सराई माळावर होती, ती चुकून नव्हे. मी ती मुद्दाम तिथे काढली होती. मला वाटत होतं की खरी जागा कोबीच्या शेतात आहे, आणि ती मला एकट्याला हवी होती. त्याआधी आपल्याला सापडलेल्या जुन्या शिक्क्याखाली संग्रहालयात पाटी लागली तेव्हा तिच्यावर फक्त तुझं नाव होतं. खणलंस तू, हे खरं. पण जागा मी शोधून काढली होती, सहा महिने नकाशे जुळवून. तू काही बोलला नाहीस, मीही बोललो नाही. मग मी तुझ्या नकाशावर ती खोटी रेघ ओढली.

दुसऱ्याच रविवारी तू माळावरून ओरडत आलास, "विट, पितळ! पितळ सापडलं!" हातात मातीचा गोळा होता, त्यातून एक तोटी बाहेर आलेली. मी म्हणालो, "ट्रॅक्टरची असेल. फेकून दे."

"तू म्हणतोस म्हणजे असणारच. फूटपट्टी घेऊन जन्मलेला माणूस तू."

महिन्याभराने यंत्र माझ्या हातात देऊन तू म्हणालास, "माझ्या हाताला यश नाही बाबा. तूच शोध." आणि ग्दान्स्कला गेलास.

तोटी तू फेकली नव्हतीस. मावशीने ती स्वयंपाकघराच्या दारामागे ठोकली आहे, तिच्यावर फडकी वाळत घालते. घासून घासून तिचा कोंबडा स्पष्ट झालाय. फिरवायची मूठ कोंबड्याच्या आकाराची आहे. कुठल्या ट्रॅक्टरला कोंबडा असतो, दादा? ती बिअरच्या पिंपाची तोटी आहे. सराई तू दोन वर्षांपूर्वीच शोधलीस, आणि मी तुला ती कळू दिली नाही.

खणायचा परवाना आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि तो ३१ तारखेला संपतो. माळाची मालकीण कुनेगुंदाबाई म्हणते, "तोवर थांबते. मग मी नांगर घालणार, तुमची सराई असो नाहीतर राजवाडा." मी माळावर पाऊल टाकलेलं नाही. पहिलं फावडं तुझं.

संग्रहालयाचा अर्ज सोबत जोडला आहे. तोटी, तारीख, जागा आणि शोधणाऱ्याचं नाव मी भरलं आहे. ते तुझं आहे. त्याखाली नकाशा जुळवणाऱ्याच्या नावाची ओळ आहे. ती कोरी ठेवली आहे. तिथे काय लिहायचं ते तू ठरव. कोरीच पाठवलीस तरी मी विचारणार नाही.

मावशीचे आशीर्वाद.

तुला खोटी जागा दाखवणारा तुझा धाकटा भाऊ,
विट