बाबांची तपासणी

ती. आईस सादर नमस्कार.

फोन बाबाच उचलतात आणि "मी ठणठणीत" म्हणून ठेवून देतात. म्हणून हे पत्र तुझ्या नावे.

आमच्या महाविद्यालयाच्या आरोग्यविम्यात आता प्राध्यापकांच्या आईवडिलांनाही घेणार आहेत. त्याआधी डॉक्टर तपासतील. ताईने कळवले, की त्या तपासणीत अव्वल ठरावे म्हणून बाबा रोज जिना चढण्याचा सराव करतात आणि धाप लागली की चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने थांबतात. छातीत कळही येते म्हणे. साध्या तपासणीची परीक्षा करणे आपल्याच घराला जमते! ही सवय मी कोणाकडून उचलली, ते सांगायला नको.

आमचे लिपिक हसून म्हणाले, "सर, आजारी माणसालाही घेतो हो. आजार लपवला तर मात्र पुढे विमा हात वर करतो."

तेव्हा पत्र मिळताच जिना बंद. डॉक्टरांना धाप, कळ, सगळे सांगायचे. ऐकले नाही तर सरळ चपला लपव. तुझे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवतो.

बाबांना सांग, या वेळी मला पहिला नंबर नको, बाबा हवेत.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा