तीन मिनिटांची मी

सोमवार, ४ सप्टेंबर

आजपासून मी विद्यार्थिनी! वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची. सकाळी विद्यापीठाचं ओळखपत्र ईमेलने आलं. फोटोत मी चोरासारखी दिसते, तरी तीनदा उघडून पाहिलं. वर्ग सगळे लॅपटॉपवर, त्यामुळे नोकरी सोडायची नाही आणि घरही सोडायचं नाही. ऑफिसचं कामही मी घरूनच करते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेतला, आता स्वतःच्या हाताने चुका करायला मिळणार.

नवऱ्याने स्वयंपाकघराशेजारची अडगळीची खोली रिकामी करून दिली. टेबल, खुर्ची, एक दिवा. खिडकी नाही. दार लावलं की मिक्सरसुद्धा शेजाऱ्यांकडे चालू असल्यासारखा वाटतो. बिट्टीने, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या कन्यारत्नाने, दारावर कागद चिकटवला : 'आईची शाळा'. त्यातला 'ळ' उताणा पडलाय. मला इतका आनंद झालाय की तो सरळ करायलाही सुचलं नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

पहिली असाइनमेंट. इथे तपासायला माणूस नाही. कोड पाठवायचा, मिनिटाभरात यंत्र मार्क देतं. एकतीस. दुरुस्त केला, पुन्हा एकतीस. सहा तास घोडं तिथंच पेंड खात होतं.

आठवड्याला वीस तास लागतील असं लिहिलं होतं. झोप कापून आणि रविवार धरून माझे जेमतेम बारा होतात. संध्याकाळी भिंतीपलीकडे बिट्टी बाबाला विचारत होती, आई सुट्टीच्या दिवशी तरी घरी येणार का? मी चार पावलांवर होते. फार वाईट वाटलं. बाहेर जाऊन तिला म्हटलं, डिसेंबरपर्यंत कळ काढ, मग मी सगळी तुझी. तिने बोटावर महिने मोजले आणि ठीक आहे म्हणाली.

सोमवार, २५ सप्टेंबर

आमच्या साहेबांना आम्ही घड्याळराव म्हणतो. रोज दहा ते साडेअकरा मीटिंग, चौदा माणसं, कॅमेरा चालू पाहिजेच. माझी बोलायची पाळी फक्त शुक्रवारी, तीही दोन मिनिटं. एरवी नंदीबैलासारखी मान हलवायची. आणि नेमकं त्याच वेळी माझं डोकं सगळ्यात ताजं असतं.

म्हणून आज एक उद्योग केला. निळा स्वेटर घालून स्वतःचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. मान हलवते, चष्मा वर सारते, कॉफीचा घोट घेते, मन लावून ऐकतेय असं दिसावं म्हणून वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिते. मध्येच बिट्टी डावीकडून डोकावली, तर तिच्याकडे पाहून हसले. ते तसंच राहू दिलं, खरं वाटतं. आता कॅमेऱ्याऐवजी हाच व्हिडिओ मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा फिरत राहील, आणि मी अभ्यास करीन.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

चौऱ्याण्णव मार्क! वर घड्याळरावांनी सगळ्यांना लिहिलं, की लक्ष देऊन कसं ऐकावं ते या बाईंकडून शिका. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

घड्याळरावांनी आभार मानले. सकाळच्या मीटिंगमध्ये मी बिलांच्या प्रोग्रॅममधली चूक फार छान समजावली म्हणे. आज बुधवार. मी बोललेच नाही. व्हिडिओला तर आवाजही नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, अगं, पाच मिनिटं बोलत होतीस की! चोराच्या मनात चांदणं, म्हणून पुढे काही विचारलं नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सत्राच्या मधली परीक्षा. सुरू होण्याआधी लॅपटॉप हातात धरून खोलीच्या चारी भिंती कॅमेऱ्याला दाखवाव्या लागतात, खोलीत दुसरं कोणी नाही हे पटवायला. मी दाखवल्या. उत्तर आलं : खोलीत दुसरी व्यक्ती आहे, तिला बाहेर पाठवा. पुन्हा फिरवला. तेच. तिसऱ्यांदा यंत्राने फोटोही दाखवला.

माझी खुर्ची. तिच्यात निळा स्वेटर घातलेली बाई, मान खाली घालून लिहितेय. मी उभी होते. स्वेटर सकाळपासून बाहेर दोरीवर वाळत होता.

परीक्षा न देताच बाहेर पळाले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू आधी नीट झोप काढ.

बुधवार, १८ ऑक्टोबर

पुरे झालं. व्हिडिओ पुसून टाकला. अभ्यासक्रम सोडायचा अर्ज केला. मग दहाला स्वतः मीटिंगमध्ये जायला निघाले, तर स्क्रीनवर आलं : ही व्यक्ती आधीच आत आहे.

दुपारी विद्यापीठाचं उत्तर आलं. अर्ज आपणच मागे घेतलात. कालच्या परीक्षेत पैकीच्या पैकी, अभिनंदन.

सोमवार, २३ ऑक्टोबर

नवरा दाराबाहेरून जाता जाता म्हणाला, आज दुपारी किती दिवसांनी आमच्यात बसलीस, बरं वाटलं. बिट्टीबरोबर कागदाच्या होड्या केल्यास म्हणे.

दुपारभर मी इथेच होते. हसण्याचा आवाज आला होता खरा. बिट्टी खळखळून हसत होती. मला वाटलं, बाबाबरोबर —

बाहेर जाऊन सगळं सांगते. आत्ता.

शुक्रवार असावा

आतून दार सापडत नाही. जिथे होतं तिथे भिंत. हाका मारते, आवाज फुटत नाही. व्हिडिओला आवाज नव्हता.

स्वेटर अंगात आहे. मी घातला नाही. कॉफी गरमच. पिते, कमी होत नाही. मान आपोआप —

वार माहीत नाही

लिहायला फक्त अकरा सेकंद. व्हिडिओत तेवढंच लिहिलं होतं. बाकी वेळ हात माझा नाही. मग चष्मा, कप, मान —

समोर स्क्रीन. आमचं जेवणाचं टेबल दिसतं. लॅपटॉप तिथे ठेवलाय तिने.

ती बिट्टीची वेणी घालते. माझ्यापेक्षा हळू. बिट्टी ओरडत नाही.

पुन्हा

दाराच्या कागदातला 'ळ' तिने सरळ केला. बिट्टीनेच बाबाला सांगितलं. बाबा हसला. बिट्टी नाही. ती माझ्याकडे बघत होती —

पुन्हा

बिट्टी एकटी आलीय. स्क्रीनला नाक लावून. विचारते, आई, तू आत आहेस का?

मान हलवली. हो! हो बाळा —

पुन्हा

टाळ्या वाजवल्या तिने. मग थबकली. म्हणाली, तू नुसता व्हिडिओ आहेस का?

मान हलली. तशीच.

तिचा चेहरा —

पुन्हा

स्वयंपाकघरातून हाक आली. माझ्याच आवाजात. बिट्टी म्हणाली, आले गं आई.

लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवलाय तिने.

बिट्टे, थांब. आता चष्मा, मग कप, मग डावीकडे बघीन. त्या दिवशी तू तिथेच उभी होतीस. ते हसू तुझ्यासा