नळीतलं सोडियम

अप्पा,

आज सकाळी सातपूरला पुन्हा लाइट गेली आणि हीटर बंद पडून टाकीपासून भरायच्या तोंडापर्यंतची सोडियमची अख्खी नळी गोठली. नेमके तेव्हाच कारखाना विकत घेणारे बघायला आलेले. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! इंजिनाच्या पोकळ व्हॉल्व्हमध्ये आपण सोडियम भरतो, एवढंच त्यांना ठाऊक. इंजिन तापलं की ते आत पातळ होऊन हिंदकळतं आणि उष्णता वाहून नेतं, हे मी त्यांना एक डोळा नळीवर ठेवून समजावलं. त्यांची अट एकच आहे: कारखान्यासोबत मीही राहायचं, कारण भरण्याचं काम माझ्याशिवाय कोणाला जमत नाही असं त्यांनी कुठून तरी ऐकलंय. आणि मला तर या शेडमधून सुटायचंय.

नळी बघून तुमचा ओरडा आठवला. मी एम.एस्सी.च्या सुट्टीत आलेय, नळी अशीच गोठलीय. मी शहाणी, मधोमध हीटरची पट्टी गुंडाळते आणि बटण दाबते. तुम्ही चहाचा कप बाहेरच ठेवून धावत येता. "मधूनच काय तापवतेस? वितळलं की फुगतं ते! दोन्हीकडून घट्ट, मध्ये पातळ, मग जाणार कुठं? नळी फाडूनच निघेल ना!" मोकळ्या तोंडाकडून सुरुवात करायची, वितळलेल्याला पुढे जागा देत मागे मागे यायचं, हे तुम्ही मला सगळ्या कामगारांसमोर शिकवलंत. घनतेतला तो फरक मला परीक्षेपुरता पाठ होता. रागानं डोळे भरून आले. "रडायचं तर बाहेर जाऊन रड बाई, इथं पाणी चालत नाही," तुम्ही म्हणालात, आणि मग आपण दोघंही हसत सुटलो.

तुम्ही गेलात तेव्हा पुण्याला माझी संशोधनाची जागा पक्की झाली होती, वितळलेल्या सोडियम-पोटॅशियमवरच. "थोडे दिवस बघ गं," आई म्हणाली. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. सोडियम वितळताना काटा अठ्ठ्याण्णव अंशांवर अडून बसतो. कितीही उष्णता घाला, सगळं वितळेपर्यंत हलत नाही. त्या काट्याकडे बघून बघून मी चिडकी झालेय. पुण्यातलं ते काम एव्हाना कोणीतरी पुरं केलंही असेल.

तर लाइट आली, मी तोंडाकडून हळूहळू नळी मोकळी केली. पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे दुसरं कोणी करू शकतं का?" आपले जुने फोरमन काका शेजारीच उभे होते. मला डेंग्यू झाला तेव्हा ही नळी त्यांनीच सांभाळली, माझ्यापेक्षा निवांतपणे. नुसतं "हो" म्हणायचं होतं, की मी सुटले असते.

मी म्हणाले, "नाही. मलाच करावं लागतं."

पाहुणे गेल्यावर काका हातमोजे काढत म्हणाले, "ताई, आसं का वो बोलल्या? मला तं येतंय ना."

मी टाकीचा हीटर तपासायला वळले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहितेय. सुटायचंय हे खरंच आहे, अप्पा. पण माझ्यावाचून इथलं काही अडत नाही, हे माझ्या तोंडून निघेना.