भुरू शेपटीकडून काढायचा असतो

अमरावती
८ डिसेंबर १९६४

प्रिय रमा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तिकडे अकोल्याला तू, हेमचंद्रराव आणि कमलाकांत मजेत असाल असं धरून चालते. थंडी बरी पडली आहे. भाजीवाल्या जयवंताचा भाऊ नांदगाव खंडेश्वरहून हुरडा घेऊन आला होता. खाताना तुझी आठवण निघाली. तुला हुरड्याबरोबर गूळ चालत नाही, लसणाची चटणीच लागते, हे आमच्या यांच्याही लक्षात आहे.

जानेवारीच्या अंकाची चित्रांची पानं सोबत आहेत. टपालात दुमडू नयेत म्हणून नेहमीसारखी पुठ्ठ्यात घातली आहेत. या वेळी भुरू मुंगूस बोरं चोरण्याचा मुहूर्त विचारायला बगळेशास्त्र्यांकडे जातो. शास्त्रीबुवा एका पायावर उभे राहून पंचांग बघतात आणि प्रत्येक तिथीला एक मासोळी गिळतात. मुहूर्त निघेपर्यंत तळं रिकामं होतं आणि बोरं रोही वकिलांनी शिंगांनी फांद्या वाकवून खाऊन टाकलेली असतात. हेमचंद्ररावांना सांग, छापताना रोह्याच्या काळ्या कोटावर शाई जरा बेतानं. मागच्या अंकात वकीलसाहेबांचे डोळेसुद्धा कोटात गेले होते.

आता आनंदाची बातमी. आमच्या शाळेच्या संमेलनाला पाहुण्या म्हणून कुणाला बोलवावं यावर बैठकीत बराच खल झाला. मी तुझं नाव सुचवलं. ‘भुरूच्या गमती’वाल्या रमाताई म्हटल्यावर दुसरं नाव कुणी काढलंच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता आणि कधी बोलला नाहीत? मी म्हटलं, विषय निघाला नाही.

तुझं येणं ठरलं म्हणून कॉन्व्हेंटातले दिवस फार आठवताहेत. सिस्टरच्या भावाकडून नाताळात पार्सल यायचं. त्यातल्या बाटल्या फुटू नयेत म्हणून भोवती रंगीत चित्रांची पानं चुरगाळून घातलेली असत. सिस्टरना बाटल्यांचं कौतुक, आपल्याला कागदांचं. नकाशांच्या जाड पुस्तकाखाली ती पानं दाबून आपण सपाट करत असू. टोपी घातलेली बदकं, विजार घातलेला बोका, छत्री घेऊन भांडणारी डुकरीण. तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं, म्हणून तू वाचायचीस. बदकाचा आवाज तुझ्यासारखा मी पुढे कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची. तू कधी काढली नाहीस. तुला कंटाळा यायचा.

दिवाळी अंकातली तुझी मुलाखत मला उशिरा मिळाली. फोटो छान आला आहे. त्यात तू म्हणतेस, माझा कमलाकांत लहानपणी एक अख्खा पावसाळा अंथरुणाला खिळून होता. त्याचं मन रमावं म्हणून मी उशाशी बसून रोज एक पान काढायची, तिथे भुरूचा जन्म झाला.

ते वाक्य मी वाचलं, मग कुकर लावला, मग पुन्हा वाचलं.

त्या पावसाळ्यात तू कमलाकांतला घेऊन आमच्याकडे आली होतीस. तो आमच्या पेरूच्या झाडावरून खाली उतरत नव्हता. हिरवे पेरू खाऊनही त्याचं पोट दुखलं नाही, याचं सासूबाईंना नवल वाटलं होतं. आतल्या खोलीत तापानं झोपला होता तो माझा मुलगा.

रमा, नावाबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. तो गेल्यावर त्या पानांकडे मला बघवत नव्हतं. तू ती अकोल्याला नेलीस, हेमचंद्ररावांच्या छापखान्यात छापू म्हणालीस. मामंजींनी बगळा पाहिला, त्याच्या गळ्यात आपलंच उपरणं ओळखलं आणि घरच्या सुनेचं नाव बाजारात जायचं नाही असं सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, मग माझं घाल. त्यात तुझा उपकार होता, मी तो मानत आले. पुण्यात अंक खपावा म्हणून तू भुरूच्या तोंडचं वऱ्हाडी बोलणं काढून टाकलंस. जयवंताच्या टोपलीजवळ बसून माझा मुलगा ते शिकला होता. मी ‘मला म्हणावं’ असं सांगायची, तो ‘मले नाही येत’ म्हणून हसायचा. तेही तू पुसलंस, आणि मी गप्प बसले. दर महिन्याला पानं पाठवत राहिले. कारण महिन्यातले आठ-दहा दिवस तो माझ्या टेबलावर असायचा.

त्याला आजेसासऱ्यांचं नाव ठेवलं होतं. सासूबाई ते घेत नसत, म्हणून मीही घ्यायचं नाही, अशी घरची रीत. पोटच्या पोराला मी नावानं कधी हाक मारली नाही. केस भुरे, म्हणून भुरू. ते नाव माझ्याखेरीज कुणाचं नव्हतं. माझ्या चित्रांवर तू आपलं नाव घातलंस ते मी दिलेलं होतं. त्याचा पलंग मी तुला दिला नव्हता.

असो. कार्यक्रम साधा आहे. प्रार्थना, बक्षिसं, तुझं भाषण. मुलींची एक इच्छा आहे, ती मोडू नकोस. भाषणानंतर तू त्यांच्यासमोर भुरू काढून दाखवावास. मी मोठा फळा मंचावर आणायला सांगितलं आहे. तुझी उंची मला ठाऊक आहे, त्या बेतानं तो टांगते.

पांढरा खडू चालेल की रंगीत हवेत, ते उलट टपाली कळव.

तुझीच,
सिंधू


अमरावती
संक्रांत, १४ जानेवारी १९६५

रमा,

तिळगूळ वेगळ्या डब्यात पाठवला आहे. रीत आहे म्हणून. त्याबरोबर जे म्हणायचं असतं ते या वर्षी म्हणत नाही.

संमेलनानंतरचं तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस की तुला कणकण होती, हात थरथरत होता, पोरींनी गोंधळ केला आणि मी बालपणीची मैत्रीण असून गंमत बघत बसले. चार माणसांत हेच सांगत असशील. म्हणून मला दिसलं तसं एकदा लिहून ठेवते. एक प्रत माझ्याकडेही राहील.

तुझं भाषण चांगलं झालं. उशाशी बसून काढलेल्या चित्रांचा भाग तू गाळशील असं मला वाटलं होतं. माझं आधीचं पत्र तू वाचलं होतंस. तरी तू तो सांगितलास, आणि सांगताना डोळ्यांना पदर लावलास. समोर पहिल्या रांगेत मी होते. त्या क्षणापर्यंत फळा उतरवायला सांगण्याची एक वाट मी मोकळी ठेवली होती. त्या पदरानं ती बुजली.

मग मोठ्या बाईंनी तुझ्या हातात खडू दिला. तू हसून म्हणालीस की आता वेळ फार झाला. मुली म्हणाल्या, नाही झाला. तू डोक्यापासून सुरुवात केलीस. एक गोल, त्याला दोन कान. मुली गप्प झाल्या. तुला ती कौतुकाची शांतता वाटली असेल. मी त्यांना रोज शिकवते, मला ती वेगळी कळली.

तुला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तापात तो सारखा डोळे मिटून घ्यायचा. त्यानं बघत राहावं म्हणून मी चित्र शेपटीकडून काढायची आणि विचारायची, सांग कोण येतंय? कधी तो खार म्हणायचा, कधी कोल्हा. मुंगूस आहे हे कळेपर्यंत डोळे उघडे ठेवायचा. सासूबाई गेल्यावर मी शाळेत लागले, तेव्हापासून चित्रकलेच्या तासाला वर्ग शांत करायचा तर मी फळ्यावर एक झुपकेदार शेपटी काढते. आमच्या शाळेतल्या पहिलीतल्या पोरीलाही माहीत आहे की भुरू शेपटीकडून येतो. तू आमच्याकडे एवढे दिवस राहून गेलीस, पण आतल्या खोलीत फारशी आली नाहीस. तुला तापाची भीती वाटायची.

तू नाक काढलंस. ते उंदराचं झालं. पुसलंस. मग डुकराचं झालं. मागून कुणीतरी हसलं. तेव्हा जयवंताची नात मनकर्णा उठून उभी राहिली. तिला मी शिकवून ठेवलं होतं असं तू लिहितेस. शिकवलं असतं तर ती शुद्ध बोलली असती. ती मला म्हणाली, “बाई, याईले येत नाही. तुमी काढा ना.”

तू माझ्याकडे वळलीस. हातात खडू, कपाळावर घाम. “सिंधू, ये ना,” म्हणालीस. कॉन्व्हेंटात गणित अडलं की असंच म्हणायचीस आणि मी उठायची. या वेळी मी उठले नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “शेपटीपासून काढ, रमा. सोपं जातं.”

तू शेपटी काढायला खडू टेकवलास आणि तो मोडला. त्यावर तू जे बोललीस त्याला तू पत्रात कणकण म्हणतेस. तू म्हणालीस, “मले नाही येत.”

पुण्याचे अंक, मुलाखती, सभा यांत तुझ्या तोंडचं वऱ्हाडी बोलणं गेलं होतं. नेमकं त्याचंच वाक्य तुझ्या तोंडी आलं. मी हलले, हे कबूल करते. पण तेवढंच. मी शिक्षिका आहे, मला सभागृहाचा अंदाज आहे. मी म्हटलं, “मागच्या मुलींना ऐकू गेलं नाही.”

आणि तू पुन्हा म्हणालीस. मोठ्यानं.

मग मी वर गेले आणि शेपटी काढली. सगळ्या पोरी ओरडल्या, भुरू, भुरू. तू केव्हा खाली उतरलीस ते मी पाहिलं नाही. मोठ्या बाईंनी टांग्यापर्यंत तुला पोचवायला शिपाई दिला. बडनेऱ्याच्या फलाटावर तू एकटी रडत बसलीस असं लिहितेस. बसली असशील. मला त्याचं वाईट वाटेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. वाटलं नाही.

पुढच्या अंकापासून दोघींची नावं छापू, असं तू लिहितेस. तुझं आधी की माझं, हेही मीच ठरवायचं आहे. आणि खाली, फेब्रुवारीची पानं लवकर पाठव, एजंटांना काय सांगू? त्यांना सांग, मले नाही येत.

नाव मला नको. ते तेव्हा हवं होतं का, तेही आता आठवत नाही. तुझी मुलाखत खोटी होती असं छापून आण, हेही मागत नाही. शाळेतल्या पोरींनी घरोघर सांगितलं आहे. अमरावतीत ते पोचलं, अकोल्याला आपोआप येईल.

फेब्रुवारीचं एकच पान सोबत आहे. ते शेवटचं. भुरू तुमच्या छापखान्याची पायरी उतरतो. बगळेशास्त्री मुहूर्त नाही म्हणून अडवतात, रोही वकील कोटाचा खिसा चाचपत कागद दाखवतात. तो कुणाशी वाद घालत नाही. शेवटच्या चौकटीत दार आहे आणि दारातून आत जाणारी शेपटी. मी ती चौकट आधी काढली, बाकीचं नंतर. खाली त्याच्या तोंडची ओळ आहे, “मी घरी जाऊन राहिलो.” ती जशी आहे तशी छापायची. ‘जातो आहे’ करून तिला पुण्याचं लुगडं नेसवू नकोस.

हे पान तू छापशील. मनात नसलं तरी छापशील, कारण न छापलंस तर पोरं विचारतील भुरू कुठे गेला, आणि मग तुलाच तो काढून दाखवावा लागेल. यापुढे तुझ्या अंकात दुसरा कुणी प्राणी आण. माकड आण, घुबड आण, ज्याच्यामागे कुणाचं पोर मेलेलं नाही असा कोणताही. पण कुणाच्या उशाशी बसवू नकोस.

सासूबाई नाहीत, मामंजी नाहीत. आता मला अडवायला घरात कुणी उरलं नाही. परवा फळा पुसताना मी त्याचं ठेवलेलं नाव एकदा मोठ्यानं घेऊन पाहिलं. सोपं आहे. इतकी वर्षं उगाच भ्यायले.

तिळगुळाचा डबा परत पाठवण्याची गरज नाही. त्या निमित्तानंही येणं नको.

मोरोपंताची आई