दर रविवारचे तीन शब्द

सांगली,
बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तिकडं थंडी कशी आहे? मी मजेत. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, एवढीच तक्रार. एम.एस्सी. नर्सिंगला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा हा विषय घेतला म्हणून तू चिडवायचास, पण माझा जीव त्यातच रमलाय. सध्या माधवनगरजवळच्या एका वृद्धाश्रमात ड्यूटी आहे. जूनपासून घरी जायला जमलेलं नाही.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच वहिनीला फोन लावला असतास, म्हणून लिहितेय. मला तुझ्या बायकोचा संशय येतोय. रागावू नकोस, आधी वाच.

आम्हाला आठवण तपासायला शिकवतात. तीन शब्द सांगायचे, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग तेच शब्द विचारायचे. सराव म्हणून मी दर रविवारी गावाकडं आपल्या आबांना फोनवर विचारते. शब्द दर आठवड्याला नवे; परवा कंदील, पेरू, रस्ता. आबा तिन्ही बरोबर सांगतात. दर वेळी! अरे, इथं धडधाकट म्हातारीसुद्धा एखादा शब्द विसरते. आणि 'जेवलात का?' म्हटलं की हेच आबा अडखळतात. फोन कायम स्पीकरवर. वहिनीला म्हटलं, जरा बाहेर जा, तर म्हणते, "ताई, त्यास्नी कमी ऐकू येतंय." आमच्या मॅडम सांगतात, पेशंटच्या आधी घरचे उत्तरं द्यायला लागले की सावध व्हा. त्यात शेजारच्या हरणाकाकू म्हणाल्या, दुपारी दाराला बाहेरून कडी असते. गप्प बसवायला गोळ्या तर देत नसेल ना? उद्या न कळवता जाऊन बघते, मग हे पत्र टाकते.

शुक्रवार

जाऊन आले. कराडहून वडापची जीप उशिरा मिळाली, पोचले तेव्हा ऊन डोक्यावर. दाराला कडी खरंच होती. ती काढून तशीच आत शिरले. वहिनीला काय काय सुनवायचं ते वाटेतच ठरवलं होतं.

आबा खाटेवर बसलेले. दाढी केलेली, कपडे स्वच्छ. अंगावर कुठं वळ नाही, गुंगी नाही. मला बघून म्हणाले, "या, बसा. सूनबाई वैरण आणाय गेलीया. कुणाकडचं म्हणायचं तुमी?"

मी कशीबशी म्हटलं, "सांगलीची."

एकदम खुलले. "सांगलीला माजी पोरगी हाय की! समीक्षा. नर्सिंगचं मोठं शिकतीया, लय हुशार." मग आवाज बारीक करून, "तिला काय बोलू नगा हं. फोनवर शब्द इचारती, माज्या ध्यानात ऱ्हात न्हाईत. सूनबाई म्होरं हुबी ऱ्हाऊन ओठ हलवून दावती. मीच सांगितलंया तिला तसं. न्हाईतर पोरगी शिकायचं सोडून यील."

दादा, माझ्या तोंडाकडं बघून सांगत होते रे. वृद्धाश्रमात मी नातेवाइकांना समजावते, हा आजार आहे, मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं. त्यांनी उठून पाणी दिलं, मी ते प्यायले आणि 'तिला नाही सांगणार' म्हटलं.

वहिनी भारा घेऊन आली आणि मला बघून जागीच थांबली. कडीचं विचारलं तर रडायलाच लागली. "दोनदा कॅनॉलपातूर गेलं हुतं. मी एकटी काय करू, ताई?" भांडायचं राहूनच गेलं. पण कडी चालणार नाही, आत कोंडलेल्या माणसाला काही झालं तर? दुपारी हरणाकाकू बसतील असं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात आबांना इथं डॉक्टरांना दाखवते. शिक्षण सोडणार नाही, सोडलं तर ते एवढे धडपडले ते फुकट जाईल.

आता संशय तुझा येतोय. दिवाळीत तू रजेवर घरी होतास. जाताना मिरज स्टेशनवर भेटलास, तेव्हा आबांचं विचारलं तर बॅगेचा बंद ओढत 'एकदम फिट' म्हणालास आणि गाडी बघायला लागलास. वहिनी म्हणते, ह्यांना काही ठाऊक नाही. मला खरं वाटत नाही.

बाकी काही लिहू नकोस. एवढंच कळव. दिवाळीत तुला त्यांनी ओळखलं होतं का?

उत्तराची वाट बघणारी,
आबांचीच मुलगी,
समीक्षा