तात्यांची फियाट आणि सरूची सही

३ जानेवारी २०२५

भंगारवाल्याला परत पाठवला. बायकोनंच, सिंधूनंच बोलावला होता त्याला. तिचंही चूक नाही. तात्यांची, माझ्या वडिलांची, फियाट बावीस वर्षं गोठ्याशेजारच्या शेडात उभी. वर कडबा, आत कोंबड्या. पण त्यानं साखळी लावून ओढलं आणि बंपरच सुटून आला! गंजून पापड झालेला. तो बंपर मातीत पडलेला बघून माझ्या तोंडातून निघून गेलं — "ऱ्हाऊ दे. न्हाय द्यायची."

सिंधू म्हणाली, "मग काय पूजा करायची का तिची?"

"नीट करणार."

हसली. हसू दे. भवानीनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. रिटायर होऊन दोन महिने झाले, हात शिवशिवतात.

६ जानेवारी

कडबा हलवला, कोंबड्या हाकलल्या. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्राच नाही — खालची माती दिसते! दारांच्या खालच्या पट्टीत स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. डिकीत उंदरांचं घर. पण पुढच्या भागाखाली पालथा पडून हातोडीनं ठोकून पाहिलं, गाडीचा भार पेलणाऱ्या दोन्ही बीमचा आवाज भरीव. हुश्श! बीम गेल्या असत्या तर सगळंच संपलं होतं.

११ जानेवारी

अजित आला. भवानीनगरला त्याचं डेंटिंगचं दुकान आहे. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग म्हणतो, "झुंबरकाका, ह्यात पत्र्यापरीस गंज जादा हाय."

"जमंल का न्हाय, ते सांग."

"जमंल. पण बुड सगळं कापून नवं लावावं लागंल. घाई करायची न्हाय."

घाई कुणाला आहे?

१४ जानेवारी

संक्रांत. माझी धाकटी बहीण सरू कळसला दिलेली — तिचा फोन नाही. चौदा वर्षं नाही, आजच कसा येईल.

२० जानेवारी

इंजिन जाम. हँडल लावून अजितनं आणि मी जोर केला, केसभर हललं नाही. प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतून ठेवलं. आठ दिवस हात लावायचा नाही. सिंधू विचारते, "लोणचं घातलंय का?"

२८ जानेवारी

फिरलं!!

आधी कुरकुरलं, मग अर्धा फेरा, मग अख्खा. सिंधू धारेची बादली घेऊन तिथंच उभी होती. "फिरलं की वो!" म्हणाली. गाडीसाठी तिचं हे पहिलं बरं वाक्य. आज पोटभर जेवलो.

५ फेब्रुवारी

बुडाचा पत्रा कापला. अजितनं वेल्डिंग केलं, मी ग्राइंडर फिरवला. नाकातोंडात गंज. मागच्या सीटखालून वांग्यांच्या पोत्याची सुतळी निघाली, अजून गाठ तशीच. तात्यांनी ही गाडी बारामतीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, आणि डॉक्टरांच्या गाडीत आम्ही वांगी भरून बाजाराला न्यायचो! पुढं तात्या आणि मी, मागं पोती, पोत्यांवर सरू. उतरली की फ्रॉकला मागून माती. आई ओरडायची, तात्या हसायचे.

१२ फेब्रुवारी

बारामतीला आरटीओच्या एजंटाकडे गेलो. गाडी रस्त्यावर आणायची तर कागद नवे करावे लागणार. त्यानं विचारलं, "नावावर कुणाच्या हाय?"

"वडिलांच्या. वारले."

"वारस किती?"

"दोघं. आई आधीच गेली. मी आन् बहीण."

"मग बहिणीचं संमतीपत्र लागंल, काका. स्टँपवर सही. त्याशिवाय पुढं सरकत न्हाय."

घरी आलो. सिंधूनं ताट वाढलं. भूक नाही म्हणालो.

१३ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

२०११ साली तात्या गेले. शेळगावची जमीन सहा एकर. दोन महिन्यांनी सरूला मोटारसायकलवर बसवून इंदापूरला नोंदणी कचेरीत नेलं. वाटेत म्हणालो, "वारसनोंदीचा कागद हाय, तुजी सही लागती." तो वारसनोंदीचा कागद नव्हता. हक्कसोड होतं. तिचा अर्धा वाटा माझ्या नावावर करणारं. तिथल्या साहेबांनी तिला विचारलं, समजलं का? ती म्हणाली, व्हय. तिनं कागद हातात धरला होता. मी दुसरीकडे बघत होतो. मग सही केली. परत येताना तिनं रसवंतीवर रस मागितला नाही. एरवी मागायची.

सरळ का मागितलं नाही मी? नाही म्हणेल अशी भीती. डाळिंबाची बाग नुकतीच लावली होती, निम्मी तिच्या वाट्यात जात होती.

त्या वर्षी राखीला आली नाही. दिवाळीलाही नाही. फोन केला तर "बरं हाय" एवढंच. कुणीतरी तिला खरं सांगितलं असणार, असं धरून चाललो. आणि मी गप्प बसलो.

आता पुन्हा तिच्यापुढं कागद धरायचा. पुन्हा सही मागायची!

२२ फेब्रुवारी

गाडी सुरू झाली. टाकी अजून धुवायची आहे, म्हणून पेट्रोलचा कॅन वर टांगला होता. तिसऱ्या हँडलला खोकली, पाचव्याला धरलं. शेडभर निळा धूर, कोंबड्या पार बांधापर्यंत. अजितनं मला मिठी मारली!

तो गेल्यावर गाडीतच बसून राहिलो बराच वेळ. सहीशिवाय ही दारातच उभी राहणार. आणि सहीसाठी मला कळसला जायचं धाडस नाही. साठीला आलो तरी.

४ मार्च

सिंधूला सांगितलं. लसूण सोलत होती. सगळं ऐकलं, मान वर केली नाही.

"म्हंजे इतकी वर्सं मी वन्सांनाच नावं ठेवत हुते," एवढंच म्हणाली. मग — "उद्या-परवा जावा. पर आधी गाडीचं काढू नका तोंडातनं."

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तरी छातीवरची निम्मी पाटी उतरली.

७ मार्च

कळसला जाऊन आलो. संमतीपत्राचा कागद पिशवीत घेतला होता.

सरू ओट्यावर बसून भेंडी क्रेटमध्ये भरत होती. केस पांढरे झालेत तिचे. मला बघून उठली, पाणी आणून दिलं. "दादा, बस." दाजी मळ्यात होते. बरंच झालं.

बसलो नाही. उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर जमलं नसतं. "सरू, इंदापूरला मी तुला फसवलं. त्यो वारसनोंदीचा कागद नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. एक भेंडी मोडली, बाजूला टाकली. मग म्हणाली,

"ह्ये सांगायला चौदा वर्सं लागली व्हय रं?"

तिच्या अंगणात, भर दुपारी, रडलो. ती उठली, पदरानं माझं तोंड पुसलं. लहानपणी मी तिचं पुसायचो.

"तुजे तीन एकर तुज्या नावावर करून देतो," म्हणालो.

"जमीन मागितली का मी?"

"न्हाय. पर मी देणार."

"आधी भाकरी खा."

भाकरी, ठेचा, भेंडीची भाजी. जेवताना तिनंच विचारलं, "पिशवीत काय हाय?" मला त्या पिशवीची लाज वाटली. मी सांगितलं. ती एकदम हसली! "तात्यांची फियाट? आजून हाय? आरं देवा!"

या वेळी कागद मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. ओळ न् ओळ, तारखेसकट. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "झालं का? दे पेन."

येताना मोटारसायकल कशी चालवली आठवत नाही. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं निवांत आलो. ओव्हरटेक करावंसंच वाटलं नाही.

११ मार्च

इंदापूरला वकिलांना भेटलो. तीन एकरांचं बक्षीसपत्र करायला सांगितलं. सरू फोनवर नको म्हणते. ऐकणार नाही.

हो — सरू फोनवर बोलते आता! आज वीस मिनिटं.

१८ मार्च

रंग झाला. मी पांढरा म्हणत होतो. सरूचा हुकूम — "हुता तसाच आकाशी." अजितनं तीन हात मारले. दारांच्या कडेला बोट फिरवलं तर कुठं जुना पत्रा संपतो आणि कुठं नवा सुरू होतो, कळत नाही. डावं दार अजून थोडं वर उचलून लावावं लागतं. लागू दे.

२७ मार्च

पास!

गाडी टेम्पोवर चढवून बारामतीला नेली. तपासायला आलेले साहेब खाली वाकले, टॉर्च मारला, बुडाचा पत्रा ठोकला. ब्रेक पाहिले. लाइट पाहिले. मग म्हणाले, हॉर्न वाजवा. — वाजला नाही! सकाळी घरी दहा वेळा वाजवला होता. अजितनं बॉनेट उघडलं, एक वायर दाबली, आणि हॉर्न असा बोंबलला की साहेबच दचकले. मग हसले. "कुणी केली?" मी म्हणालो, "आमी घरीच." त्यांनी पुन्हा एकदा गाडीभोवती फेरी मारली, या वेळी नुसतीच बघायला.

कागद हातात आल्यावर पायरीवरच बसलो. सिंधूला फोन केला तर तिनं आधी सरूलाच कळवलं!

३० मार्च

पाडवा. सरूला आणायला फियाट घेऊन कळसला निघालो. सिंधू मागं बसली, पुढची सीट सरूची म्हणून.

३१ मार्च

काल येताना अंथुर्णे गावाच्या अलीकडं सरू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, इंदापूरला त्यो कागद मी वाचला हुता. सगळा. सातवी शिकलीय मी."

गाडी कडेला घेतली. "मग सही का केलीस?"

"तुला पायजे हुती म्हणून. सरळ मागितली असतीस तर रस पिऊन, हसत केली असती."

तिनं दिलेलं होतं. चौदा वर्षं मी ते चोरलेलं समजून सांभाळलं.